दमसास

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून गेल्या पन्नास वर्षांत ज्ञानेश्वरीपासून नाट्यसंगीतापर्यंत नाना विषयांवर व्याख्याने झाली. मुष्टियुद्धावर झाल्याचे मात्र कोणास स्मरत नाही. कार्यकारिणीने हा विषय आमच्याकडे सोपविला त्यास दोन कारणे घडली. एक तर, केंद्र सरकारच्या नोकरीत फायलींच्या ढिगाऱ्याखाली जाण्यापूर्वी महाविद्यालयात तीन वर्षे आम्ही हातांत मोजे चढविले होते, ही गोष्ट कोणीतरी फोडली. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आपल्या सभासदांची काही मुले, आणि मुलांहून अधिक मुली, हल्ली या शहरात बॉक्सिंग शिकू लागली आहेत, आणि त्यांच्या पालकांची तक्रार बहुधा एकच असते. पहिल्या फेरीत वाघासारखे पोर दुसऱ्या फेरीत धापा टाकू लागते आणि तिसरीत त्याचे हात वर उठत नाहीत. एका भगिनींनी तर सरळच विचारले की, मुलीला लहानपणी दम्याचा त्रास होता, आता ती दुसऱ्या फेरीतच दमते, घरची मंडळी म्हणतात तिच्या छातीत जोर नाही. तर हा खेळ सोडवावा काय? आजचे सारे विवेचन या प्रश्नाच्या उत्तरादाखल आहे असे समजावे. आम्ही वैद्य नव्हे, साधे पदवीधर आहोत, हेही आरंभीच सांगितलेले बरे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. आपण मराठी माणसे 'दम' हा शब्द किती परींनी वापरतो! जिना चढून दम लागतो, वाटेत झाडाखाली आपण दम खातो, उतावळ्यास दम धरावयास सांगतो, उर्मटास दम देतो, आणि आवडते पुस्तक एका दमात वाचून काढतो. हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ श्वास. कानडीतही तो 'दम्मु' होऊन नांदतो आहे. उलट संस्कृतातला, शमाच्या जोडीने येणारा 'दम' निराळा. त्याचा अर्थ आवरणे, ताब्यात ठेवणे. उच्चार एक, कुळे दोन. मुष्टियोद्ध्याला मात्र हे दोन्ही दम एकदमच लागतात, आणि आमच्या मते पालकांची नजर पहिल्या दमावर खिळलेली असते. दुसऱ्याकडे ती जातच नाही.

मुठींची झुंज ही काही आपल्याकडे इंग्रजांनी प्रथम आणलेली वस्तू नव्हे. म्हैसूरच्या राजवाड्यात विजयादशमीला होणारी वज्रमुष्टीची लढत आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. जेट्टी मल्ल मुठीत दातेरी आयुध धरून लढतात आणि डोक्यावर रक्ताचा पहिला थेंब दिसताच लढत थांबते. ती काही क्षणांचीच असते, त्यामुळे तेथे दमसासाची परीक्षा होत नाही, धैर्याची होते. पण मल्लविद्येचा विचार याच मुलखात फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा जो विश्वकोशासारखा ग्रंथ रचला, त्यात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांची वय, शरीर व बळ यांवरून प्रतवारी, त्यांचा व्यायाम, त्यांना राजाने पुरवावयाचा आहार, हे सारे त्यात येते. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आणि मौजेची गोष्ट अशी की, त्याच ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी म्हणतात असाही उल्लेख आहे. श्वास, श्रम आणि लय यांची सांगड आमच्या आज्यांनी उखळापाशी घातली होती, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते सोळा वेळा श्वास घेतो आणि दर वेळी सुमारे अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो. म्हणजे मिनिटाला सहा ते आठ लिटर. तोच तरुण आणि कसलेला असेल तर जोराच्या श्रमात हा आकडा शंभर लिटरांच्या पुढे जातो. बाहेरच्या हवेत प्राणवायू शेकडा २१, आणि आपण सोडलेल्या हवेत तो शेकडा १६ च्या आसपास शिल्लकच असतो. याचा अर्थ असा की, निरोगी माणसाच्या फुप्फुसांत प्राणवायूचा दुष्काळ सहसा पडत नाही. धाप लागते तेव्हा शरीर ओरडत असते ते मुख्यतः साठलेल्या कर्बवायूमुळे. प्राणवायू येत नाही म्हणून नव्हे, तर कर्बवायू जात नाही म्हणून जीव कासावीस होतो. धापा टाकणारे मूल तोंड उघडून हवा ओढू पाहते. पण आधीच्या श्वासाचा गाळ आत तसाच असतो, आणि भरलेल्या भांड्यात आणखी किती ओतणार?

म्हणून वस्ताद मंडळी मुष्टियुद्धात पहिला धडा देतात तो श्वास सोडण्याचा. ठोसा मारताना नाकातून किंवा दातांच्या फटीतून 'स्स' किंवा 'हुं' असा आखूड, झटक्याचा उच्छ्वास टाकावयाचा. प्रत्येक ठोशास एक. तीन ठोशांची मालिका असेल तर तीन लहान उच्छ्वास. आत घेण्याची चिंता करावी लागत नाही. पोट सैल होताच हवा आपोआप आत येते. नवखा मुलगा नेमके उलट करतो. तो आवेशाने श्वास कोंडतो, ओठ आवळतो आणि पाच-सहा ठोसे एका कोंडलेल्या श्वासावर मारतो. वीस सेकंदांत त्याचे डोळे पांढरे होतात, आणि प्रेक्षक म्हणतात, याच्या छातीत जोर नाही! जोर आहे, बाहेरचे दार तेवढे बंद आहे.

झटक्याच्या उच्छ्वासाचा आणखी एक उपयोग आहे. त्या क्षणी पोटाचे स्नायू घट्ट होतात. छातीच्या पिंजऱ्याखाली, बेंबीच्या वर जी नाजूक जागा आहे तेथे ठोसा बसला, तर श्वासपटल आखडते आणि काही क्षण माणसाला श्वास घेताच येत नाही. श्वास आत घेण्याच्या बेसावध क्षणी तो बसला तर फारच वाईट. तोंड उघडे ठेवणाऱ्याचा जबडाही सैल असतो, आणि सैल जबड्यावरचा ठोसा महागात पडतो. म्हणून दातांचे संरक्षक कवच लावून, तोंड मिटून, नाकाने श्वास घेण्याची सवय सरावातच करावी लागते. पहिले पंधरा दिवस मुलांना गुदमरल्यासारखे वाटते. वाटू द्यावे.

येथे आपल्या हुतूतूची आठवण होणे साहजिक आहे. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डी होती. चढाई करणारा गडी 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहतो, म्हणजे वस्तुतः एकच दीर्घ उच्छ्वास तो पुरवून पुरवून खर्च करतो. मुष्टियुद्धात तोच उच्छ्वास चिल्लर करून खर्च करावयाचा असतो. रीत निराळी, पण खर्चावर ताबा दोन्हीकडे सारखाच. लहानपणी हुतूतू खेळलेली मुले मुष्टियुद्धात लवकर रुळतात असे आम्ही पाहिले आहे. आपल्या वसाहतींत आता हुतूतूला अंगणच उरले नाही, हा मुद्दा निराळा. आणि उखळापाशी ओवी म्हणणारी बाई? मुसळ खाली येताना तिचाही शब्द सुटतच असणार.

आता हिशेबाची थोडी भाषा वापरू द्या. नोकरीचा तो गुण आहे. ए. व्ही. हिल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने स्नायूंवरील संशोधनाबद्दल ओटो मायरहोफ यांच्यासह १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळविले. 'प्राणवायूचे ऋण' ही कल्पना त्याची. जोराच्या झटापटीत स्नायू जेवढा प्राणवायू मागतात तेवढा तत्काळ मिळत नाही. तोवरचे काम उसनवारीवर चालते, आणि झटापट संपल्यावर धापा टाकून ते कर्ज फेडावे लागते. हिलचा हिशेब पुढच्या संशोधनात बराच दुरुस्त झाला; पण खेळाडूपुरता त्याचा मथितार्थ टिकून आहे. आज ऑलिम्पिक पातळीवर स्त्री-पुरुष दोघांसाठी तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात आणि मध्ये एकेक मिनिटाची विश्रांती. अवघा अकरा मिनिटांचा व्यवहार! त्यात कर्ज काढणे अटळ आहे. किती काढावे आणि मधल्या एका मिनिटात किती फेडता येते, यावर तिसरी फेरी ठरते.

उधळपट्टीचे जगप्रसिद्ध उदाहरण १९७४ सालचे. ३० ऑक्टोबर रोजी झाईरमधील किन्शासा येथे महंमद अली आणि जॉर्ज फोरमन यांची लढत झाली. फोरमन पंचविशीतला, अली बत्तीस वर्षांचा. फोरमनच्या आधीच्या बहुतेक लढती दोन-तीन फेऱ्यांतच संपलेल्या. त्याच्या ठोशांपुढे कोणी टिकतच नसे. अली दोरांना रेलून राहिला, बाहूंवर आणि कुशीवर मार झेलत राहिला, आणि फोरमन सर्व शक्तीनिशी मारीत सुटला. आठव्या फेरीत त्याचे हात जड झाले आणि अलीने त्याला लोळविले. अलीची ही युक्ती आपल्या मुलांनी मुळीच करू नये. मार खाण्याची कला हा शिकविण्याचा विषय नव्हे. परंतु फोरमनचे काय झाले ते त्यांनी अवश्य पाहावे. त्याचा दम छातीत कमी नव्हता. प्रत्येक ठोसा अखेरचा समजून मारल्यामुळे तो संपला. नवख्या मुलांत हाच दोष दुसऱ्या रूपाने असतो. खांदे कानांपर्यंत चढलेले, मुठी सतत आवळलेल्या, जबडा करकचून मिटलेला. ठोसा न मारतादेखील त्यांची तिजोरी गळत असते. मूठ फक्त लागण्याच्या क्षणी आवळावी आणि एरवी मोज्यात सैल असावी, एवढे जमले तरी दमसास एकाएकी वाढल्यासारखा वाटतो.

विश्रांतीचे मोल काय असते, हे आपल्या खाशाबा जाधवांच्या कथेवरून कळते. कराड तालुक्यातील गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जपानच्या इशी या मल्लाशी त्यांची कुस्ती दीर्घ काळ चालली आणि ती त्यांनी थोडक्यात गमावली. त्यानंतर लगेचच त्यांना सोव्हिएत रशियाच्या ममेदबेकोव्हशी लढावयास उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो मांडावयास आपला कोणी अधिकारी जवळ नव्हता, असे त्या प्रसंगाचे वर्णन केले जाते. दमलेले खाशाबा हरले. पुढे इशीला सुवर्ण आणि ममेदबेकोव्हला रौप्यपदक मिळाले. ही हकीगत वाचताना आम्हांला नेहमी वाटते की, तो अर्धा तास मिळता तर! सरकारी नोकरीत नियमपुस्तिका हाताशी असणे किती महत्त्वाचे, याचा उपदेश आम्ही कनिष्ठांना या उदाहरणावरून करीत असतो. आपल्या मुलांबरोबर स्पर्धेला जाणाऱ्या पालकांनीही नियम वाचून जावे.

म्हणून मधल्या एका मिनिटाचा सराव स्वतंत्रपणे करावा लागतो. घंटा होताच बसावे, दातांचे कवच काढावे, खांदे खाली सोडावे, हात मांडीवर सैल टाकावे. पहिले दोन-तीन उच्छ्वास लांबलचक, पोट आत जाईपर्यंत सोडावे. मग श्वास आपल्या गतीने चालू द्यावा. पाण्याचा घोट लहान. प्रशिक्षकाने एक किंवा दोन सूचना द्याव्या, चार नव्हे. प्रेक्षागृहातून वडिलांनी ओरडून सूचना करणे तर पूर्ण वर्ज्य. या मिनिटात नाडी किती उतरते ते सरावात मोजावे: फेरी संपताच दहा सेकंद मोजून सहाने गुणावे आणि मिनिटानंतर पुन्हा तसेच. दोहोंमधील अंतर वहीत लिहावे. महिन्याने ते अंतर वाढलेले दिसले की दमसास सुधारला असे खुशाल म्हणावे. तुलना आपल्याच मागच्या महिन्याशी. शेजाऱ्यांच्या चिरंजीवांशी नव्हे.

हा दमसास कमवावा कसा? त्याच १९५२ च्या हेलसिंकीत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. चारशे मीटर वेगाने धावावे, मग थोडे अंतर हळू पळून दम घ्यावा, पुन्हा वेगाने धावावे, असे आवर्तनांचे सराव तो करीत असे, आणि ही रीत त्याच्यामुळे जगभर गेली. मुष्टियोद्ध्याला ती जणू मापून शिवलेली आहे, कारण त्याचा खेळच तीन मिनिटे श्रम आणि एक मिनिट विश्रांती असा चालतो. तीन मिनिटे दोरीच्या उड्या, एक मिनिट उसंत. तीन मिनिटे हवेत ठोसे, एक मिनिट उसंत. प्रारंभी अशा तीन फेऱ्या आणि दोन महिन्यांत सहा, एवढे पुष्कळ झाले.

परंतु त्याआधी पाया घालावा लागतो, आणि पाया म्हणजे संथ धावणे. येथे मुलांची मोठी फसगत होते; धाप लागेपर्यंत पळाले नाही तर व्यायाम झाला असे त्यांना वाटतच नाही. वास्तविक आठवड्यातून तीन-चार वेळा अर्धा तास अशा गतीने धावावे की शेजारच्या सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे. मराठीत बोलावे, म्हणजे मंडळाचाही हेतू साधेल. अशा संथ धावण्याने हृदय दर ठोक्याला अधिक रक्त फेकू लागते आणि स्नायूंत रक्ताच्या सूक्ष्म वाहिन्या वाढतात. हा लाभ आठवड्यात दिसत नाही, सहा-आठ आठवड्यांत दिसतो. लालबाग आणि कब्बन पार्क यांसारख्या जागा या शहरास लाभल्या आहेत. वाहने रस्त्यावर येण्यापूर्वी पहाटे तेथे जावे.

बंगळूरच्या उंचीविषयी एक समज आहे, तोही येथेच दूर करू. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंच आहे. हवेचा दाब मुंबईपेक्षा शेकडा दहाने कमी. मुंबईचे पाहुणे आपल्या जिन्यावर थबकतात त्यात याचा थोडा वाटा असेल, बाकीचा त्यांच्या पोटाचा! पण उंचीवरच्या सरावाचा म्हणून जो लाभ सांगितला जातो तो साधारणतः दोन हजार मीटरच्या पुढे. आपण त्याच्या निम्म्यावरही नाही. येथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे मोठे केंद्र आहे आणि देशभरचे खेळाडू येतात. त्यांना येथे खरा फायदा होतो तो वर्षभर सौम्य राहणाऱ्या हवेचा, असे आमचे मत. दमट उकाड्यात शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते. येथे ते स्नायूंच्या वाट्याला येते. काही मुले उंचीचा आभास म्हणून नाकातोंडावर रबरी मुखवटा बांधून पळतात. त्याने हवेतला प्राणवायू कमी होत नाही, फक्त श्वास ओढणे कष्टाचे होते. पैसे पालकांचे जातात.

आणि आपला प्राणायाम? या प्रश्नावर दोन टोकाचे पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, प्राणायाम केला की धावण्याची गरज नाही. दुसरा त्याला थोतांड म्हणतो. आम्हांला दोन्ही मान्य नाहीत. हृदयाची आणि स्नायूंची ताकद श्रमानेच वाढते. बसून केलेल्या श्वसनाने ती येणार नाही. पण श्वास लांब सोडणे, पोटाने श्वास घेणे आणि घाबरलेल्या मनाला त्या वाटेने खाली आणणे, हे मुष्टियोद्ध्याला लागणारे शिक्षण प्राणायामासारखे दुसरे कोणी देत नाही. वर सांगितलेला दुसरा, आवरण्याचा दम तो हाच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी घरोघर पोचविलेले सूर्यनमस्कार तर हालचाल आणि श्वास यांची जोडणी शिकविण्यास फारच उत्तम. कोलार जिल्ह्यातील बेळ्ळूरला जन्मलेले, बालपणी क्षयासारख्या दुखण्यांनी खंगलेले बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास गेले आणि तेथून त्यांनी जगाला आसने व प्राणायाम शिकविले. आपण महाराष्ट्रातून इकडे आलो, ते इकडून तिकडे गेले. देवाणघेवाण बरोबरीची झाली.

एवढी पार्श्वभूमी झाल्यावर त्या भगिनींच्या प्रश्नास थेट उत्तर देता येईल. मुलीचा खेळ सोडवू नये. आधी तीन गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट दमा. या शहरात तो मोठा प्रश्न आहे. येथील बालरुग्णांच्या एका दीर्घकालीन पाहणीत १९७९ साली शेकडा ९ मुलांना दमा आढळला होता. १९९९ साली तोच आकडा २९.५ झाला. धूर, धूळ आणि परागकण यांचा त्यात वाटा आहे. काँग्रेस गवताने शिंका येतात अशी अनेकांची तक्रार असते. ते गवतही १९५५ च्या सुमारास प्रथम पुण्यात दिसले आणि मग सर्वत्र पसरले, तेव्हा त्याबाबतीत आपण बंगळूरकरांशी फार वाद घालू नये. श्रमाने लागणारी साधी धाप थांबताच उतरू लागते आणि चार-पाच मिनिटांत बसते. दम्याची धाप बहुधा थांबल्यावर वाढते. छातीत शिट्टी वाजते, कोरडा खोकला येतो. हा फरक आईने किंवा वडिलांनी स्वतः सरावाला बसून पाहावा. शिट्टी वाजत असेल तर वैद्याकडे जावे; पंधरा-वीस मिनिटे हळूहळू अंग तापविणे आणि वैद्याने सांगितल्यास आधी औषधाचा फवारा घेणे, यांनी बहुतेक मुले उत्तम खेळू शकतात. असा फवारा घेतला तर उत्तेजक घेतल्याचा ठपका येईल या भीतीने तो लपविणारे पालक आम्ही पाहिले आहेत. नेहमीच्या वापरातला साल्ब्युटामॉलचा फवारा ठरलेल्या मर्यादेत चालतो. नियम वाचावा आणि औषध लपवू नये.

दुसरी गोष्ट रक्त. छाती कितीही भरली तरी प्राणवायू स्नायूंपर्यंत वाहून नेतो तो रक्तातील हिमोग्लोबिन. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शेकडा ५९ मुलींत रक्तक्षय आढळला. दर पाच मुलींत तीन! अशी मुलगी दुसऱ्या फेरीत दमली तर दोष तिच्या छातीचा नाही, धैर्याचा तर मुळीच नाही. रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी आणि गोळ्या लागल्या तर वैद्याच्या सल्ल्याने द्याव्या. घरात हळीव, पालेभाज्या, कडधान्ये, आणि चालत असेल तेथे मांस असावे. जेवणात लिंबू पिळावे, कारण त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा देऊ नये, कारण तो लोह अडवितो. कानडी शेजाऱ्यांकडून घेतलेली नाचणीची मुद्दे अवश्य खावी, पण लोहासाठी केवळ तिच्यावर भिस्त नको. तिचा मोठा गुण हाडांसाठी. आणि वजनगट गाठण्यासाठी मुलीने उपाशी राहणे, पाणी तोडणे, प्लास्टिकचे कपडे घालून घाम काढणे, हे जर कोणी शिकवीत असेल तर तेथून तिला त्या दिवशीच घरी आणावे.

तिसरी गोष्ट म्हणजे आतापर्यंत सांगितलेली रीत: कोंडलेला श्वास, चढलेले खांदे, उधळलेले ठोसे. आमचा अंदाज असा की बहुतेक मुलांचे दुखणे येथेच निघेल. छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळणे, हे मात्र दम लागण्यात मोडत नाही. तेथे सराव थांबवून वैद्यच गाठावा. डोक्यावर बसणाऱ्या माराचा प्रश्नही मोठा आहे आणि तो आम्ही टाळीत नाही; पण तो एका स्वतंत्र व्याख्यानाचा, आणि त्याला मेंदूचा तज्ज्ञच हवा.

स्त्रियांचे मुष्टियुद्ध ऑलिम्पिकमध्ये आले ते २०१२ साली. त्याच वर्षी मेरी कोमने कांस्यपदक आणले. पुढे टोकियोच्या खेळांत, २०२१ साली, लवलीना बोर्गोहाईंने आणले. म्हणजे हे दार उघडून फार वर्षे झालेली नाहीत. मुलीच्या धापेला तिची दुर्बलता समजून तेच दार घरातून लावून घेण्याची घाई आपण करू नये, एवढीच आमची विनंती.

सांगली जिल्ह्यातील एका गृहस्थांचे नाव घेतल्याखेरीज हा विषय सोडवत नाही. मुरलीकांत पेटकर हे सैन्याच्या ई. एम. ई. विभागातील जवान, आणि मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जबर जखमी होऊन त्यांना कायमचे अपंगत्व आले. ठोसे संपले. मग ते पाण्यात उतरले, आणि १९७२ साली पश्चिम जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री त्यांना २०१८ साली मिळाली, सेहेचाळीस वर्षांनी. २०२४ सालच्या एका हिंदी चित्रपटामुळे आपल्या मुलांना आता ते नाव ठाऊक झाले आहे. पोहणाऱ्यालाही पाण्याखाली श्वास सोडावयास शिकावे लागते आणि वर येऊन क्षणात घ्यावा लागतो. मुष्टियुद्धाच्या आखाड्यातील शिकवण त्यांना तलावात किती उपयोगी पडली ते तेच सांगू शकतील; आम्हांला मात्र ती वाया गेली असे वाटत नाही.

अखेरीस व्यवहाराचे. कार्यकारिणीने मंडळाची गच्ची दर रविवारी सकाळी साडेसहा ते आठ या वेळात मोकळी ठेवण्याचे मान्य केले आहे. येथे ठोसेबाजी होणार नाही. ती ज्याने त्याने आपल्या प्रशिक्षकाकडे शिकावी. येथे दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार आणि तीन मिनिटांच्या फेऱ्यांचा सराव होईल. घड्याळ आणि शिट्टी आम्ही आणू. दोरी, पाण्याची बाटली आणि नाडीचे आकडे लिहिण्यासाठी एक लहान वही प्रत्येकाने आपली आणावी. दम्याचा त्रास असलेल्या मुलांनी आपले औषध खिशात ठेवावे आणि आम्हांला तसे आधी सांगावे. पालकांपैकी ज्यांना गच्चीचे दोन जिने चढून येणे जमेल त्यांचेही स्वागत आहे; वर आल्यावर दम खाण्यासाठी खुर्च्या मांडलेल्या असतील.